मिनिटभर नीट उडतो, मग धाडकन पडतो: घरगुती मायक्रो ड्रोनचा जुनाट आजार

लक्षण असं. बॅटरी पूर्ण भरलेली. ड्रोन उचलतो, छातीच्या उंचीवर थांबतो, डावीउजवीकडे नेला तर जातो. मिनिट-सव्वा मिनिट सगळं छान. मग जरा वर न्यायला थ्रॉटल ढकलला की चारही मोटरी एकदम गप्प आणि ड्रोन दगडासारखा खाली. उचलून बघावं तर बोर्डावरचा दिवा नेहमीसारखा लुकलुकतोय, फोनला वायफाय परत जोडलं जातंय. बॅटरी सोडवून मीटर लावला तर ४.०२ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ भरलेलीच. परत उडवला तर परत उडतो. आणि परत पडतो, या वेळी जरा लवकर.

माझा असा अकरा वेळा पडला. अकराव्या वेळी गच्चीवर, शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांत. अर्धवट वाळलेला चीक पंख्याच्या बुडाशी घट्ट बसला, तो टाचणीने काढायला अर्धा तास गेला. काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाळवणाची जागा बदलली, इतकंच.

पहिल्या आठ वेळा मी पीआयडीचे, म्हणजे ड्रोन स्थिर ठेवणाऱ्या सूत्राचे, आकडे बदलत बसलो होतो. हे कबूल करतो, कारण ज्यांना हा आजार झालाय त्यांच्यातले बहुतेक जण आत्ता तेच करत असणार. ते थांबवा. हा दोष पीआयडीचा नाही आणि फर्मवेअरचाही नाही. एस्प्रेसिफ या चिप बनवणाऱ्या कंपनीचा ईएसपी-ड्रोन, किंवा तो ज्यावर बेतलाय तो स्वीडनच्या बिटक्रेझचा क्रेझीफ्लाय, यांचा कोड कितीतरी लोकांच्या हातून तावून निघालाय. आपण रात्री जागून त्यात सुधारणा करायची फारशी गरज नसते.

माझं यंत्र काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. ईएसपी-३२ या वायफायवाल्या प्रोसेसरचा साधा डेव्हलपमेंट बोर्ड. जायरो, म्हणजे ड्रोन किती फिरला-कलला ते सांगणारा सेन्सर, म्हणून एमपीयू-६०५०, तो जीवाय-५२१ या निळ्या पट्टीवर बसवलेला मिळतो तोच. चार ८५२० कोअरलेस मोटरी, ८.५ मिलिमीटर व्यास आणि २० मिलिमीटर लांबी, हे नावातच आलं. प्रत्येक मोटरीला एक एओ-३४०० मॉस्फेट (मोटर चालू-बंद करणारा स्विच) आणि एक शॉट्की डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा). एका सेलची ६०० एमएएच क्षमतेची लिपो बॅटरी. सांगाडा पतंगाच्या कामट्या आणि आइस्क्रीमच्या काड्या यांचा, सांधे फेव्हिक्विक आणि दोऱ्याने बांधलेले. एकूण ७८ ग्रॅम. क्रेझीफ्लाय २७ ग्रॅमचा असतो, त्यामुळे आपला गडी तसा जाडाच. आपण याला मायक्रो म्हणतो, पण २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि त्याच्यावर दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनोला पायलटचा परवाना लागत नाही. विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी मात्र गच्चीवर जाण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघावा.

आधी खात्री: हा तोच आजार आहे का

उड्डाणाच्या क्षणीच कोलांटी मारत असेल तर हा आजार नव्हे. तिथे पंखे चुकीच्या जागी बसलेत, नाहीतर मोटरींचा क्रम चुकलाय, नाहीतर जायरो उलटा चिकटवलाय. पहिल्या सेकंदापासून थरथरत असेल तर पंखा असंतुलित आहे किंवा मोटरीचा दांडा वाकलाय. दर वेळी एकच कोपरा खाली जात असेल तर त्या कोपऱ्याची मोटर बघा, त्याबद्दल शेवटी लिहितो. चारही मोटरी एकाच क्षणी बंद, आणि पडल्यावर बोर्ड नव्याने चालू झालेला, असं असेल तर वाचा पुढे.

यात एक मोठी फसगत आहे, माझे दोन रविवार तिच्यात गेले. टेबलावर यूएसबी लावून मोटरी फिरवल्या तर काहीच होत नाही. पूर्ण वेगाने पाच मिनिटं फिरवा, बोर्ड ढिम्म. मग वाटतं की वायरिंग उत्तम आहे, दोष हवेतला आहे. प्रत्यक्षात यूएसबी लावल्यावर बोर्डाला लॅपटॉपचे ५ व्होल्ट मिळत असतात आणि तेवढ्यापुरता आजार झाकला जातो. म्हणजे ज्या स्थितीत आपण तपासतो त्या स्थितीत रोगी ठणठणीत असतो.

आणि बॅटरी बोर्डाच्या व्हीआयएन पिनेला, म्हणजे वीज आत घेणाऱ्या पिनेला, जोडलेली असताना यूएसबी लावूच नका. त्या बोर्डावर यूएसबीचे ५ व्होल्ट एका डायोडमधून त्याच पिनेवर येतात, आणि तुमची लिपो कुठल्याही चार्जरशिवाय, ४.२ ची मर्यादा ओलांडून चार्ज व्हायला लागते. फुगली तर नशीब, पेटली तर घरातले पुढची दहा वर्षं ऐकवतील. यूएसबीवर तपासायचं तर व्हीआयएनची तार काढा. मोटरी बॅटरीवर, बोर्ड यूएसबीवर, ग्राउंड (उणे बाजूची तार) दोघांचा एक.

खात्री करायचा सोपा मार्ग असा. ईएसपी-३२ चालू झाल्यावर ‘मी मागच्या वेळी का बंद पडलो’ हे स्वतः सांगू शकतो. रिसेटचं कारण विचारणारं फंक्शन त्याच्यात आहे. उत्तर ‘ब्राउनआउट’ आलं तर सुरुवातीलाच दिवा झपाझप पाच वेळा लुकलुकेल अशा चार ओळी कोडमध्ये टाका. मग ड्रोन उडवा, पाडा आणि दिवा मोजा. माझ्या भाच्याने मोजला. ‘मामा, पाच,’ एवढंच तो म्हणाला, आणि माझी आठ पीआयडी-सत्रं पाण्यात गेली.

आता हिशेब

ब्राउनआउट म्हणजे प्रोसेसरला मिळणारा व्होल्टेज त्याच्या किमान मर्यादेखाली गेला आणि त्याने स्वतःला रिसेट केलं. ईएसपी-३२ मध्ये ही मर्यादा नेहमीच्या सेटिंगला साधारण २.४ व्होल्टच्या आसपास असते. मग प्रश्न पडतो की बॅटरी चार व्होल्टची असताना प्रोसेसरला २.४ कसे मिळतील?

याचं उत्तर बोर्डावरच्या एका काळ्या, तीन पायांच्या, बुडाशी पत्रा असलेल्या तुकड्यात आहे. त्यावर बारीक अक्षरांत एएमएस-१११७ लिहिलेलं असतं. हा रेग्युलेटर येणाऱ्या व्होल्टेजचे ३.३ करून देतो, पण स्वतःसाठी साधारण एक व्होल्ट खातो. भार वाढला तर १.३ पर्यंत. म्हणजे बाहेर ३.३ हवे असतील तर आत ४.३ ते ४.६ यायला हवेत. यूएसबीच्या ५ व्होल्टवर त्याची मजा असते. एका सेलची लिपो मात्र भरलेली असतानाच ४.२ ची. म्हणजे आपण पहिल्या क्षणापासून प्रोसेसरला अर्धपोटी ठेवून उडवत असतो. तो बिचारा ३.१ वर चालतो, २.८ वर चालतो, २.५ वरही चालतो, आणि मग अचानक मान टाकतो.

आता बॅटरीच्या टोकापासून बोर्डापर्यंत काय काय वाया जातं ते बघा. माझ्या ड्रोनला हवेत स्थिर राहायला साधारण ४ अँपिअर लागतात, थ्रॉटल ढकलला की ६ च्या पुढे. बॅटरीपासून बोर्डापर्यंत मी २८ गेजच्या दोन तारा वापरल्या होत्या, प्रत्येकी १० सेंटिमीटर. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.२१ ओहम. जाऊन-येऊन २० सेंटिमीटर म्हणजे ०.०४३ ओहम. ६ अँपिअरला पाव व्होल्ट नुसत्या तारांत जळाला. बॅटरीचा पांढरा छोटा कनेक्टर, पीएच-२.० म्हणतात तो, मुळात २ अँपिअरचा. रोजच्या काढघालीने तो सैल झालेला. मीटर लावून बघितलं तर ४ अँपिअरला एकट्या त्याच्यात ०.१२ व्होल्ट जात होते, म्हणजे ०.०३ ओहम. बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत रोध ०.०३३. सगळं मिळून ०.१०६ ओहम.

मिनिटभर उडाल्यावर सेल आतून ४.०५ ला आलेला. हॉव्हरला चार अँपिअर, म्हणजे बोर्डापाशी ३.६३. थ्रॉटल ढकलला, सहा अँपिअर, ३.४१. त्यातला एक व्होल्ट एएमएस-१११७ ने खाल्ला. उरले २.४१.

पडला.

पडल्यावर मोटरी बंद, प्रवाह शून्य, व्होल्टेज परत वर. म्हणून उचलून मोजलं की ४.०२ दिसतात. मीटर खोटं बोलत नाही, आपण त्याला चुकीच्या वेळी विचारतो. आणि बरोबर वेळी विचारलं तरी साधा मल्टीमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. अर्ध्या-पाव सेकंदाची घसरण त्याला दिसतच नाही. त्यापेक्षा ईएसपीलाच मोजायला सांगा. बॅटरीपासून १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांचा विभाजक करा आणि मधला बिंदू ईएसपीच्या जीपीआयओ ३४ या पिनेला द्या. ३२ ते ३९ यांपैकीच पिन घ्या. वायफाय चालू असताना बाकीच्या पिनांवरचं दुसरं एडीसी, म्हणजे व्होल्टेज मोजणारा भाग, वापरता येत नाही, आणि वाट्टेल ते आकडे बघून तुम्ही भलत्याच मागे लागाल. सेकंदाच्या दर दहाव्या भागाला त्या अवधीतला सर्वात कमी आकडा फोनवर पाठवा. पडण्याआधी आलेला शेवटचा आकडा हाच पुरावा. या एडीसीचे आकडे फार अचूक नसतात, त्यामुळे आधी मल्टीमीटरशी दोन ठिकाणी जुळवून घ्या.

उपाय, ज्या क्रमाने मी केले त्या क्रमाने

पहिला उपाय जवळजवळ फुकट: तारा. नवशिके, आणि मीही, ब्रेडबोर्डच्या रंगीत जम्पर तारांनीच सगळं जोडतो. त्यातली एक सोलून चुंबकाजवळ धरा. माझ्याकडच्या पाकिटातल्या पिवळ्या तारा फ्रिजवरच्या गणपतीला जाऊन चिकटल्या, म्हणजे आत लोखंड, वरून तांब्याचा मुलामा. अशा तारेतून संदेश जाईल, मोटरीचा प्रवाह जाणार नाही. मुख्य तारा २० गेजच्या सिलिकॉन आवरणाच्या घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मीटरवर तोडून देतात. ‘सिलिकॉन वायर’ असंच मागा, नुसती ‘वायर’ म्हटलं तर घराच्या फिटिंगची कडक तार हातात पडते. लांबी ५ सेंटिमीटरच्या वर नको. कनेक्टर बदलून एक्सटी-३० लावला. तो या ड्रोनला जरा जास्तच दांडगा वाटतो, पण व्होल्टेजची गळती जाणवेनाशी झाली.

याच वेळी ग्राउंडही नीट करून घ्या. माझ्या ड्रोनमध्ये बॅटरीचा काळा धागा आधी एका मॉस्फेटला, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, चौथ्या आणि शेवटी बोर्डाला असा वरातीसारखा गेला होता. मोटरींचा सगळा प्रवाह ज्या तारेतून परत येतो तिच्याच शेपटीला बोर्ड लटकलेला. बोर्डाचा ग्राउंड सरळ बॅटरीच्या सोल्डरवर आणा, मोटरींचा वेगळा.

नुसत्या तारा, कनेक्टर आणि ग्राउंड बदलल्यावर सव्वा मिनिटाची चार मिनिटं झाली. एक पैशाचा कोड न बदलता.

मग बॅटरी. माझ्याकडे दोन होत्या, दिसायला जुळ्या. तपासायला १ ओहमचा, १० वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करून, जरा थंडावू देऊन, मोकळा व्होल्टेज लिहून ठेवा. मग रेझिस्टर लावा, तीन सेकंदांत आकडा वाचा, लगेच काढा, कारण रेझिस्टर चटका देण्याइतका तापतो. माझ्या नव्या बॅटरीचे ४.१२ चे ३.९९ झाले. प्रवाह ३.९९ अँपिअर, घसरण ०.१३, भागाकार ०.०३३ ओहम. जुनीचे ४.१२ चे ३.७६. म्हणजे ०.०९६, जवळपास तिप्पट. पहिल्या उदाहरणातले तारा, कनेक्टर आणि सेल यांच्या जवळपास बेरजेइतका रोध या एका जुन्या सेलमध्येच भरलेला होता. ती फुगलेली नव्हती, क्षमता बरी होती, टेबललॅम्पला ती आजही चालते. ड्रोनला नाही. जुन्या मोबाइलच्या किंवा ब्लूटूथ हेडफोनच्या बॅटऱ्या काढून ड्रोनला लावणाऱ्यांचं नेमकं हेच होतं: एमएएच भरपूर, पण एकदम द्यायची ताकद नाही.

तिसरा उपाय म्हणजे मूळ दुखण्यावरचा, रेग्युलेटर. दोन वाटा आहेत. ज्याचा हात सोल्डरिंगला स्थिर आहे त्याने एमई-६२११ सारखा कमी व्होल्टेज खाणारा रेग्युलेटर बॅटरीवर लावून त्याचे ३.३ थेट बोर्डाच्या ३.३ पिनेला द्यावेत आणि व्हीआयएन मोकळी सोडावी. तो ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतो. वायफायचा झटका येतो तेव्हा ईएसपी एकदम बराच प्रवाह ओढतो, म्हणून अडीचशे मिलिअँपिअरचे छोटे रेग्युलेटर घेऊ नका. अडचण एकच, त्याचे पाय तांदळाच्या दाण्याहून बारीक.

माझा हात चाळिशीचा आणि चष्मा नव्याने लागलेला, म्हणून मी दुसरी वाट धरली. एमटी-३६०८ चा बूस्ट मॉड्यूल. हा बॅटरीचे ३ ते ४.२ जे काही असतील त्यांचे ५ व्होल्ट करून देतो, ते व्हीआयएनला द्यायचे. मग एएमएस-१११७ ने खुशाल एक व्होल्ट खावा. बॅटरी ३ पर्यंत घसरली तरी बोर्डाला काही कळत नाही. वजन माझ्या तराजूवर ४ ग्रॅम. वीज थोडी वाया जाते, पण मोटरींच्या चार अँपिअरपुढे ती किस झाड की पत्ती.

हा मॉड्यूल बोर्डाला जोडण्याआधी एकटा बॅटरीवर लावा आणि बाहेरचा व्होल्टेज मोजा. त्यावरचा पितळी स्क्रू कारखान्यातून कुठेही फिरवलेला असतो आणि हा प्राणी २८ व्होल्टपर्यंत देऊ शकतो. स्क्रू उलट बाजूला फिरवत राहा. सुरुवातीचे कित्येक फेरे काही होत नाही, मीटर हलत नाही, वाटतं मॉड्यूल मेलाय. फिरवत राहा. मग एकदम आकडा खाली यायला लागतो. ५.० ला थांबा, स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. मी पहिला बोर्ड न मोजता जोडला होता. वास आला तेव्हा कळलं.

बूस्ट लावल्यावर तीच बॅटरी साडेसहा मिनिटं गेली, आणि उतरवला मी, पडला नाही.

दोन सल्ले, जे ऐकू नका

एक म्हणजे ‘मोठा कपॅसिटर लाव, सगळं ठीक होईल’. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बॅटरीला समांतर लावला आणि ०.३ व्होल्टची घसरण सांभाळायची म्हटली, तर ६ अँपिअरला तो किती वेळ पुरतो? १००० मायक्रोफॅरड गुणिले ०.३ भागिले ६. उत्तर ५० मायक्रोसेकंद. थ्रॉटल आपण अर्धा सेकंद दाबून धरतो. मोटरी झपाझप चालू-बंद करणाऱ्या पल्समुळे येणारी बारीक खरखर तो मऊ करतो, तेवढ्यासाठी ४७० चा एक जरूर लावा, पण त्याच्याकडून बॅटरीचं काम मागू नका.

दुसरा सल्ला धोकादायक आहे: कोडमधून ब्राउनआउट डिटेक्टरच बंद करून टाकायचा. एका ओळीचं काम आहे, आणि त्यानंतर ड्रोन खरंच कमी वेळा रिसेट होतो. पण आता तो २.४ च्या खाली, म्हणजे जिथे प्रोसेसरची स्मृती भरवशाची नाही तिथेही चालत राहतो. तिथे तो गोठला, तर मोटरींना जाणारे पल्स थांबत नाहीत. ते वेगळं हार्डवेअर देतं, शेवटचा जो वेग सांगितला असेल तोच पुढे चालू. माझा ड्रोन असा गोठून पूर्ण वेगाने दिवाणखान्याच्या पडद्यात शिरला आणि बॅटरी उपटेपर्यंत कापड गुंडाळत राहिला. फोनवरचं थांबाचं बटण मी जीव तोडून दाबत होतो, पण ऐकायला तिकडे कोणी जागं नव्हतं. त्यामानाने रिसेट परवडला. त्यात निदान मोटरी बंद होतात.

त्याचाच भाऊ: जायरोची डुलकी

कधीकधी मोटरी बंद पडत नाहीत. ड्रोन चांगला चाललेला असतो आणि एकदम एका कुशीवर कलंडून भिंतीकडे सुसाट निघतो. रिसेटचं कारण तपासलं तर ब्राउनआउट नाही. मग पुन्हा संशय पीआयडीवर.

जीवाय-५२१ च्या पट्टीवर जायरोसाठी स्वतःचा एक चिमुकला रेग्युलेटर असतो. आपण त्या पट्टीला बोर्डाचे ३.३ देतो, त्यातले थोडे हाही खातो. म्हणजे आधीच उपाशी असलेल्या ताटातला घास पुढे वाटला जातो. एमपीयू-६०५० ला किमान २.३७५ व्होल्ट लागतात. बोर्ड अजून कसाबसा उभा असतानाच जायरो त्याच्याखाली जाऊन रिसेट होतो. आणि हा चिप रिसेट झाल्यावर झोपलेल्या अवस्थेतच उठतो. सुरुवातीला कोडने त्याला जागं करावं लागतं ते याचसाठी. उडत असताना मध्येच झोपला तर पुन्हा उठवणार कोण? कोड त्याला विचारत राहतो, तो ‘काही फिरत नाहीये’ असंच सांगत राहतो, आणि ड्रोन कलंडत असताना प्रोसेसरला वाटतं सगळं स्थिर आहे.

बूस्ट लावला असेल तर जीवाय-५२१ ला ३.३ ऐवजी त्या ५ व्होल्टवरून वीज द्या. त्याचा रेग्युलेटर त्यासाठीच आहे, आणि संदेशाच्या दोन तारा त्या पट्टीवर ३.३ लाच बांधलेल्या असतात, त्यामुळे ईएसपीला धोका नाही. कोडमध्येही एक पहारेकरी ठेवा: तिन्ही अक्षांचे आकडे सलग दहा वेळा हुबेहूब सारखे आले तर मोटरी बंद. जिवंत जायरो टेबलावर ठेवला तरी शेवटचा अंक थरथरतच असतो. अगदी स्थिर आकडा म्हणजे तो झोपलाय.

आणि तरीही एकच कोपरा खाली जात असेल तर

व्होल्टेज वगैरे सगळं सुधारल्यावर माझ्या ड्रोनचा मागचा डावा कोपरा तेवढा मिनिटभराने झुकायला लागला. आधी तो पडायचाच, त्यामुळे हे दिसलं नव्हतं. पंखे अदलाबदल करून पाहिले, कोपरा तोच. मग उतरवल्याबरोबर चारही मोटरींना बोट लावलं. तीन कोमट, ही एक हात लावू देईना.

भाच्याने टॉर्च धरला. पंख्याच्या खाली, दांडा मोटरीत शिरतो तिथे, काळ्या दोऱ्यासारखं काहीतरी घट्ट गुंडाळलेलं. चिमट्याने ओढलं तर लांबच लांब केस निघाला, मधूनमधून मेंदीच्या रंगाचा. घरात कोणाचा ते सांगायची गरज नव्हती. ८५२० च्या एक मिलिमीटरच्या दांड्यावर एवढा केस म्हणजे कायमचा ब्रेक. फरशीवरून उड्डाण करणाऱ्यांनी दर दोन बॅटऱ्यांमागे पंखे उपटून बघावं, आणि उडवायला खाली एक पुठ्ठा टाकावा.

केस नसेल आणि मोटर तरीही तापत असेल तर ब्रश झिजलेत. या मोटरींचं आयुष्य काही तासांचंच असतं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. बदलताना तारांचे रंग बघा: लाल-निळी एका दिशेची, काळी-पांढरी उलट दिशेची. तारा उलट जोडून कुठलीही मोटर कुठल्याही दिशेला फिरते हे खरं, पण आतल्या ब्रशांची मांडणी एका दिशेसाठी केलेली असते; उलट चालवली तर ती लवकर झिजते आणि तोच कोपरा महिन्याभरात परत झुकतो. मी आता दोन्ही रंगांच्या प्रत्येकी दोन जास्तीच्या आणून ठेवतो, आणि बदलायची वेळ आली की तिरक्या समोरासमोरच्या, म्हणजे एकाच दिशेने फिरणाऱ्या, दोन्ही एकदम बदलतो.